ताळा करून पाहणारे बिशप

६,०३,५५० भागिले २२,२७३. करून पाहा. २७चा भाग लागतो आणि बाकी उरते २,१७९.

हा भागाकार मी गेल्या पावसाळ्यात बडोद्याला मांजलपूरच्या आमच्या फ्लॅटच्या गॅलरीत बसून पेन्सिलीने केला. चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, हजारो भागाकार तपासले, पण उत्तर पाहून अंगावर काटा आला असं पहिल्यांदाच झालं. दोन्ही आकडे बायबलमधले आहेत. मोशेबरोबर इजिप्तमधून निघालेल्या इस्राएल लोकांत वीस वर्षांवरचे, लढाईला जाऊ शकणारे पुरुष किती, तर ६,०३,५५०. आणि त्याच लोकांत प्रथम जन्मलेले मुलगे किती, तर २२,२७३. आता एका आईचा पहिला मुलगा एकच असणार. म्हणजे दर आईमागे सत्तावीस मुलगे, तेही वीस वर्षांवरचे. त्याखालची मुलं वेगळी, मुली वेगळ्या. कुणाची पहिली मुलगी झाली असेल, कुणाचा थोरला गेला असेल, अशी सगळी सूट दिली तरी हिशेब बसत नाही.

हा हिशेब १८६२ साली पुस्तकात छापणारे गृहस्थ स्वतः इंग्लंडच्या चर्चचे बिशप होते. दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ वसाहतीचे बिशप, जॉन विल्यम कोलेन्सो. बिशप होण्याआधी ते गणिताचे मास्तर होते. आणि त्यांचं अंकगणिताचं पुस्तक आमच्या दांडिया बाजारच्या वाड्यात शंभराहून जास्त वर्षं पडून होतं, याचा आम्हा कुणाला पत्ता नव्हता.

माझ्या माहेरचा तो वाडा विकायचं ठरलं तेव्हा माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली उतरवली. वर जुन्या पंचांगांचा गठ्ठा, त्याखाली एक फुटकी दौत, त्याखाली हे पुस्तक. पुठ्ठा सुटलेला, पानांना कसर लागलेली. धाकटा भाऊ म्हणाला, "ताई, तुझ्या विषयाचं दिसतंय, तूच घेऊन जा." घरी आणून झटकलं, दोन दिवस उन्हात ठेवलं. पहिल्या पानावर इंग्रजीत लेखकाचं नाव आणि पदवी: बिशप ऑफ नाताळ. समासात मात्र काळ्या शाईने मोडीत आकडेमोड. माझे पणजोबा गायकवाड सरकारच्या कचेरीत कारकून होते. शिकत असताना त्यांनी हे पुस्तक वापरलं असणार. पौंड, शिलिंग, पेन्सच्या एका बेरजेशेजारी त्यांनी तीन शब्द लिहिले होते. मला मोडी आकड्यांपुरतीच येते. शेजारच्या काकांनी भिंग लावून वाचून दाखवलं: "ताळा जमत नाही."

ते तीन शब्द डोक्यातून जाईनात. गणिताच्या पुस्तकाचा लेखक बिशप कसा, हाही प्रश्न होताच. म्हणून या माणसाची माहिती काढायला बसले आणि पावसाळा संपेपर्यंत त्यांच्यातच अडकले.

कोलेन्सोंचा जन्म १८१४ सालचा, इंग्लंडच्या कॉर्नवॉल भागातला. वडिलांचा पैसा कथलाच्या खाणीत होता. खाणीत समुद्राचं पाणी शिरलं आणि घरावर गरिबी आली. मुलगा एका शाळेत मदतनीस मास्तर म्हणून राबला आणि पडेल ते काम करून फी भागवणारा गरीब विद्यार्थी म्हणून केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात दाखल झाला. आपल्याला रँग्लर परांजपे माहीत आहेत, १८९९ साली केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत पहिले, म्हणजे सीनिअर रँग्लर, आलेले. तेही सेंट जॉन्सचेच. त्याच कॉलेजातून १८३६ साली कोलेन्सो त्याच परीक्षेत दुसरे आले होते. पुढे हॅरो शाळेत गणित शिकवायला गेले, तिथे घर जळालं आणि डोक्यावर कर्जाचा डोंगर झाला. ते पुन्हा केंब्रिजला आले, शिकवण्या धरल्या आणि बीजगणिताचं (१८४१) व अंकगणिताचं (१८४३) अशी दोन पुस्तकं लिहिली. ती इंग्लंडभरच्या शाळांत लागली. कर्ज फिटलं.

माझ्या मांडीवरचं पुस्तक हे असं कर्ज फेडायला लिहिलेलं आहे, हे कळल्यावर मी ते वेगळ्या नजरेने वाचलं. उदाहरणं स्वच्छ, पायरीपायरीने चढत जाणारी. एकही पायरी गाळलेली नाही. ज्याने स्वतः पै-पैचा हिशेब मांडला त्याच्या हातचं वाटतं.

१८५३च्या नोव्हेंबरात ते नाताळचे पहिले बिशप झाले. (आपण ज्याला नाताळ म्हणतो तो सण आणि ही वसाहत, शब्द एकच. वास्को द गामा १४९७ साली नाताळच्या दिवसांत त्या किनाऱ्यावरून गेला, म्हणून ते नाव.) पुढच्या वर्षी दहा आठवडे राहून त्यांनी मुलूख पाहिला आणि १८५५ साली बायकोमुलांसह तिथे मुक्काम हलवला. पीटरमारित्झबर्ग गावाबाहेर घर बांधलं, शाळा काढली. शाळेचं नाव तिथल्या झुलू लोकांच्या भाषेत, एकुखान्येनी, म्हणजे उजेडाची जागा. मुलांना छापखाना चालवायला शिकवला. त्या छापखान्यात तयार झालेला मगेमा फुझे हा मुलगा पुढे मोठा झाला आणि झुलू माणसाने झुलूत लिहिलेलं पहिलं पुस्तक त्याच्या नावावर आहे, १९२२ सालचं.

आणि बिशप स्वतः झुलू शिकले. पाद्र्याला दोन वाक्यं यावीत तेवढी नाही. त्यांनी व्याकरण लिहिलं, १८६१ साली झुलू-इंग्रजी शब्दकोश छापला, नवा करार झुलूत आणला. भाषा शिकायला बसलं की माणसांचं ऐकावं लागतं, हे आम्ही बडोद्याचे मराठी लोक पक्कं जाणतो. घरात मराठी, ओट्यावर गुजराती. भाजीवालीशी तिच्या भाषेत बोललं की ती भाव तर सांगतेच, वर सुनेची तक्रारही सांगते. कोलेन्सोंचंही तसंच झालं असणार. एकाहून जास्त बायका असलेला माणूस ख्रिस्ती व्हायला आला की इतर मिशनरी त्याला सांगत, एक ठेव, बाकीच्यांना सोड, मग बाप्तिस्मा. कोलेन्सो म्हणाले, सोडलेल्या बायकांनी आणि त्यांच्या लेकरांनी जायचं कुठे? धर्माच्या नावाने त्यांना उघड्यावर टाकणं त्यांना मान्य नव्हतं. त्यावरून त्यांच्यावर पहिली टीकेची झोड उठली.

मग तो प्रश्न आला.

विल्यम एन्गिदी नावाचा झुलू सहकारी त्यांना बायबलच्या भाषांतरात मदत करत होता. जलप्रलयाची गोष्ट चालली होती. नोहाने तारू बांधलं, पृथ्वीवरच्या सगळ्या प्राण्यांच्या जोड्या आत घेतल्या, त्यांचं खाणंपिणं सांभाळलं. एन्गिदीने विचारलं, हे सगळं खरं आहे का? उष्ण प्रदेशातले, थंड प्रदेशातले, सगळे प्राणी खरंच असे गोळा झाले? तुम्ही स्वतः हे खरं मानता?

बिशपना भूगर्भशास्त्र माहीत होतं. फ्रान्सच्या ओव्हर्न भागात जुन्या ज्वालामुखींच्या टेकड्या आहेत, सुट्या भुसभुशीत राखेच्या. जगभर पूर आला असता तर त्या केव्हाच वाहून जायला हव्या होत्या. त्या जागेवर आहेत. हे डोक्यात असताना समोरच्या माणसाला 'हो, खरं आहे' असं कसं म्हणायचं? त्या क्षणी आपल्याला बायबलमधल्याच एका संदेष्ट्याचे शब्द आठवले, असं त्यांनी लिहून ठेवलं आहे: देवाच्या नावाने माणसाने खोटं बोलावं का? मला तसं करवलं नाही, असं ते पुढे म्हणतात.

इथे मला माझी एक गोष्ट सांगायलाच हवी.

साल १९९२ असेल. सातवीचा वर्ग, गुजराती माध्यम. काळ-काम-वेग चालू होतं. फळ्यावर उदाहरण: एक भिंत बांधायला चार गवंड्यांना सहा दिवस लागतात, तर चोवीस गवंड्यांना किती? उत्तर एक दिवस. मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. बारीक, शर्टाचं वरचं बटण तुटलेलं. म्हणाला, "बेन, आ साचुं छे?" हे खरं आहे का? मी म्हटलं, म्हणजे? तो म्हणाला, "मारा पप्पा कडिया छे. एक भींत पर चोवीस जण ऊभा ज न रही शके." माझे वडील गवंडी आहेत, एका भिंतीवर चोवीस जण उभेच राहू शकत नाहीत. शिवाय सिमेंट सुकायला हवं ना, खालचा थर ओला असताना वर किती चढवणार?

वर्ग हसला. मला पुढची आठ उदाहरणं संपवायची होती. मी म्हटलं, "बेसी जा. दाखलो गण." खाली बस, गणित कर. तो बसला. वर्षभरात पुन्हा त्याने एकही प्रश्न विचारला नाही. आठवीत तो शाळेत नव्हता. का नव्हता याची मी चौकशीही केली नाही.

त्या मुलाचं बरोबर होतं. गणितात आपण काही गोष्टी धरून चालतो, त्या तशा धरल्या आहेत हे मी त्याला सांगायला हवं होतं. दोन मिनिटं लागली असती. भिंतीची लांबी किती, एका माणसाला किती फूट लागतात, हे त्यालाच फळ्यावर मांडायला बोलवायला हवं होतं.

कोलेन्सोंनी नेमकं तेच केलं. प्रश्न विचारणारा आपला शिष्य, त्यातून वसाहतीतला काळा माणूस. त्याला गप्प बसवणं फार सोपं होतं, कुणी नाव ठेवलं नसतं. त्यांनी त्याचा प्रश्न उचलला आणि बायबलची पहिली पाच पुस्तकं व यहोशवाचं पुस्तक घेऊन अंकगणिताच्या मास्तरासारखे बसले. सगळ्या मंडळीला निवासमंडपाच्या, म्हणजे देवाच्या उपासनेच्या तंबूच्या, दाराशी जमायला सांगितलं, असं एका ठिकाणी आहे. मंडपाची रुंदी दहा हात, म्हणजे सुमारे अठरा फूट. एका ओळीत दाटीवाटीने नऊ माणसं. नुसते लढवय्ये पुरुष घेतले तरी ६७,००० ओळी होतात. एका ओळीला दीड फूट धरला तर रांग एकोणीस मैलांची. मी हे बडोद्याच्या नकाशावर लावून पाहिलं. मांडवीच्या दरवाज्याला पहिला माणूस उभा केला तर शेवटचा डभोईच्या जवळपास पोचतो. तिथून दाराशी काय चाललंय ते कसं दिसणार, कसं ऐकू येणार?

देवावरचा त्यांचा विश्वास गेला नव्हता. हे आकडे इतिहास म्हणून टिकत नाहीत, मग ते इतिहास आहेत असं लोकांना सांगू नये, एवढंच त्यांचं म्हणणं. पहिला भाग १८६२ साली निघाला, सातवा आणि शेवटचा १८७९ साली. म्हणजे हे काम सतरा वर्षं चाललं.

इंग्लंडात गदारोळ झाला. झुलूंना ख्रिस्ती करायला गेलेल्या बिशपला एका झुलूनेच बाटवलं, अशी चेष्टा झाली. मला ती चेष्टा वाचताना राग आला. ज्यांनी ती केली त्यांना एन्गिदीचा प्रश्न खोडता आला नव्हता.

पुढची कोर्टकचेरी लांबलचक आहे, थोडक्यात सांगते. केपटाऊनचे बिशप रॉबर्ट ग्रे त्यांचे वरिष्ठ. त्यांनी १८६३ साली पाखंडाचा खटला भरला आणि कोलेन्सोंना पदावरून काढल्याचं जाहीर केलं. कोलेन्सो हजर राहिलेच नाहीत, तुम्हाला हा अधिकारच नाही म्हणाले. लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे वसाहतींच्या वरच्या अपील कोर्टाने, १८६५ साली तेच म्हटलं. ग्रेंनी मग त्यांना धर्मबहिष्कृत केलं. पगार अडवला गेला, तोही कोलेन्सोंनी कोर्टातून मिळवला. १८६९ पासून त्या एका गावात दोन बिशप झाले, एक राणीच्या सनदेचे कोलेन्सो आणि दुसरे ग्रेंनी नेमलेले मॅक्रोरी. जगभरच्या अँग्लिकन बिशपांची लँबेथची पहिली परिषद १८६७ साली भरली, तिच्यामागेही हेच प्रकरण होतं.

या सगळ्या भांडणात नाताळमधले बरेचसे गोरे रहिवासी कोलेन्सोंच्या बाजूने राहिले, हे लक्षात ठेवा. बायबलच्या आकड्यांवरून त्यांना त्यांच्या बिशपचा राग आला नाही. राग आला तो दहा वर्षांनी.

ह्लुबी नावाच्या जमातीचे प्रमुख होते लांगालिबालेले. नावाचा अर्थ तळपता सूर्य. त्यांच्या जमातीची तरुण पोरं किंबर्लीच्या हिऱ्यांच्या खाणीत राबायला जात आणि कमाईतून बंदुका घेऊन येत. सरकारने हुकूम काढला, बंदुका नोंदवा. मग प्रमुखांना राजधानीत हजर व्हायला बोलावणं आलं. ते गेले नाहीत, लोकांना आणि गुरांना घेऊन डोंगर ओलांडून बासुटोलँडकडे, म्हणजे आजच्या लेसोथोकडे, निघाले. ४ नोव्हेंबर १८७३ला खिंडीत गोळीबार झाला, सरकारी बाजूचे पाच जण मेले, तीन गोरे आणि दोन काळे. त्याचा सूड म्हणून अख्ख्या जमातीची जमीन आणि गुरं जप्त झाली, गुहांत लपलेली माणसं मारली गेली, बायकापोरं कामाला वाटून दिली. म्हाताऱ्या लांगालिबालेलेंवर पीटरमारित्झबर्गला खटला चालला. न्यायाधीश खुद्द लेफ्टनंट गव्हर्नर, म्हणजे ज्यांचा हुकूम मोडला तेच. आरोपीला धड वकील नाही. शिक्षा: जन्मभर हद्दपारी, केपटाऊनजवळच्या रॉबेन बेटावर.

बडोद्याच्या मराठी घरात वाढलेल्या कुणालाही हे साल वाचून आमचे राजे मल्हारराव गायकवाड आठवतील. आमची आजी पपनस सोलायला बसली की ती गोष्ट हमखास सांगायची. १८७४चा नोव्हेंबर, दरबारातल्या इंग्रज रेसिडेंट फेअरसाहेबांचा पपनसाच्या सरबताचा पेला, तळाशी गाळ, त्यात सोमल सापडल्याचा बोभाटा. मल्हाररावांवर कमिशन बसलं. सहा जण, तीन इंग्रज आणि तीन आपले: ग्वाल्हेरचे शिंदे महाराज, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव. लंडनहून सार्जंट बॅलंटाइन बचावाला आले. कमिशनमध्ये एकमत झालंच नाही, तिघा हिंदी सभासदांना गुन्हा शाबीत वाटला नाही. तरी १८७५च्या एप्रिलात राज्यकारभार वाईट म्हणून त्यांना गादीवरून काढलं आणि मद्रासला नेलं. मल्हारराव चांगले राजे होते असं मी म्हणत नाही, आजीही म्हणायची नाही. पण ती विचारायची, "गुन्हा ठरला नाही, तर शिक्षा कशाची?" लांगालिबालेलेंच्या बाजूने हा प्रश्न विचारायला गावात एकच माणूस उभा राहिला, तो बिशप.

आणि कसा उभा राहिला, ते पाहण्यासारखं आहे. खटल्यातला एक मोठा आरोप असा: सरकारी निरोप्या माहोइझा बोलवायला गेला तेव्हा लांगालिबालेलेंनी त्याचे कपडे उतरवून त्याचा, म्हणजे सरकारचा, अपमान केला. माहोइझाने तसं सांगितलं होतं. कोलेन्सोंनी एवढं एकच विधान हातात घेतलं. झुलू त्यांना येत होतीच. त्यांनी स्वतः साक्षीदार शोधले, एकेकाला विचारलं, प्रत्येकाचं म्हणणं शब्दाशब्दाने उतरवलं. निघालं काय? माहोइझाच्या अंगावरचे वरचे कोट काढले होते, हत्यार लपवलंय का ते पाहायला. बाकी कपडे अंगावर होते. आणि हत्यार शोधण्यालाही कारण होतं. पंधरा वर्षांपूर्वी, १८५८ साली, सरकारचाच एक माणूस बोलणी करायच्या बहाण्याने बंदूक लपवून एका दुसऱ्या प्रमुखाकडे गेला होता. लोक ते विसरले नव्हते.

उतरवलेले कपडे किती? हा अंकगणिताचाच प्रश्न आहे. सत्तावीस मुलगे आणि दोन कोट, दोन्ही ठिकाणी तोच मास्तर बसलेला मला दिसतो. सांगितलेली रक्कम घ्यायची आणि शांतपणे ताळा करून पाहायचा.

या एका ताळ्याने त्यांनी जवळचा मित्र गमावला. झुलू लोकांचा कारभार पाहणारे सरकारी अधिकारी थिओफिलस शेपस्टन, वीस वर्षांचा स्नेह. कोलेन्सोंनी साक्षी त्यांच्यापुढे ठेवल्या, आणि मैत्री तुटली ती कायमची. गोऱ्यांनी त्यांच्या देवळाकडे पाठ फिरवली. ते १८७४ साली इंग्लंडला जाऊन वसाहतमंत्री लॉर्ड कार्नार्व्हन यांना भेटले. गव्हर्नरना परत बोलावलं गेलं, लांगालिबालेलेंना बेटावरून मुख्य भूमीवर आणलं. घरी नाताळला यायला मात्र त्यांना १८८७ साल उजाडलं, आणि दोन वर्षांत ते वारले. जमातीची जमीन गेली ती गेलीच.

बिशपचं सगळंच मला पटतं असं नाही. इंग्रजी राज्य मुळात न्यायाचं आहे, वर लंडनला जाऊन नीट सांगितलं की न्याय मिळेल, यावर त्यांचा शेवटपर्यंत विश्वास होता. आपल्याकडेही तेव्हा चांगली चांगली माणसं तसंच मानत होती. त्याच १८७४ साली दादाभाई नवरोजी आमच्या बडोद्यात दिवाण होते आणि रेसिडेंटशी झगडत होते. ते पुढे कितीतरी वर्षं लंडनला जाऊन सांगतच राहिले.

जानेवारी १८७९मध्ये इंग्रज फौज नाताळशेजारच्या झुलू राज्यावर, झुलूलँडवर, चालून गेली. २२ तारखेला इसांडल्वानाला झुलूंनी तिचा धुव्वा उडवला. मेलेल्यांत कोलेन्सोंच्या घरोब्याचे कर्नल डर्नफर्डही होते. गावात सुतक, सगळीकडे सूड घ्या अशी ओरड. १२ मार्चला प्रार्थनेचा खास दिवस पाळला. त्या दिवशी कोलेन्सो त्यांच्या सेंट पीटर्स देवळाच्या व्यासपीठावर उभे राहिले आणि मीखा संदेष्ट्याचं वचन घेतलं: न्यायाने वाग, दयेची आवड धर, देवासमोर नम्रपणे चाल. आणि विचारलं, झुलूलँडवर चाल करून जाताना आपण दयेची आवड धरली ती कुठे? समोर बसलेल्यांच्या घरची माणसं नुकतीच मेली होती. त्यांच्यासमोर हे म्हणायचं. मी ते पान वाचून पुस्तक मिटलं आणि बराच वेळ नुसती बसून राहिले.

राजा सेत्श्वायो पकडला गेला, त्याला केपटाऊनला कैदेत ठेवलं. १८८०मध्ये बिशप त्याला जाऊन भेटले, त्याच्या सुटकेसाठी लिहीत राहिले. छापखाना चालूच होता. झुलूलँडमध्ये काय चाललंय, कोण काय बोललं, कोणतं सरकारी कागदपत्र कशाशी जुळत नाही, हे सगळं बाप-लेक मिळून छापून ठेवत. राजाला १८८३च्या जानेवारीत परत पाठवलं, पण राज्य तोडून. त्याच वर्षी २० जूनला कोलेन्सो गेले. वय एकोणसत्तर. त्यांच्याच देवळात वेदीपुढे त्यांना पुरलं.

झुलू लोक त्यांना सोबांतू म्हणत. लोकांचा बाप.

थोरली लेक हॅरिएट. तिने लग्न केलं नाही. बापामागे पन्नास वर्षं तिने तेच काम चालवलं. पुढच्याच वर्षी घर जळालं, बापाचं ग्रंथालय गेलं. सेत्श्वायोच्या मुलावर, दिनुझुलूवर, दोनदा खटले झाले. दोन्ही वेळा ती त्याच्यासाठी उभी राहिली. १९१० साली चर्चच्या मालमत्तेच्या कायद्याखाली तिला राहत्या जागेतून बाहेर पडावं लागलं. १९३२ साली ती वारली. झुलूंनी तिला नाव दिलं होतं, त्याचा अर्थ काठी, बापाची काठी. आपण मराठीत म्हातारपणाची काठी म्हणतो ती मुलाला. झुलूंनी ती लेकीला म्हटलं, हे मला फार आवडलं. माझ्या दोन्ही मुली हे वाचतील, म्हणून मुद्दाम लिहिते आहे.

पीटरमारित्झबर्ग हे नाव गुजरातेत शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. ७ जून १८९३च्या रात्री गांधीजींना गाडीतून उतरवलं ते त्याच गावच्या स्टेशनवर, कोलेन्सो जाऊन दहा वर्षं होत होती तेव्हा. तुगेला नदीकाठी कोलेन्सो नावाचं गावही आहे. १८९९च्या डिसेंबरात बोअर युद्धातली मोठी लढाई तिथे झाली आणि जखमींच्या डोल्या उचलायला गांधीजींच्या पथकातले सुमारे ११०० हिंदी लोक होते. हे नाव मी पाठ्यपुस्तकात कित्येकदा वाचलं असेल. ते कुणा माणसाचं आहे, हे कधी मनात आलं नाही. पीटरमारित्झबर्गच्या कडेला काळ्या लोकांची एक वस्ती आहे, तिचं नाव मात्र सोबांतू.

आता त्या मोडीतल्या तीन शब्दांचं सांगायचं राहिलं. दिवाळीनंतर एका दुपारी मी ती बेरीज सोडवायला घेतली. पौंड, शिलिंग, पेन्सच्या पाच रकमा. पुस्तकाच्या मागचं उत्तर आणि पणजोबांचं उत्तर जुळत नव्हतं. मी दोनदा केली, पुस्तकाचं बरोबर आलं. मग पणजोबांची मांडणी आकडा आकडा वाचत गेले. पेन्स बरोबर होते, कारण बारा पेन्सचा शिलिंग आणि बारा पैचा आणा, हात बसलेला. चूक पुढे होती. शिलिंगांची बेरीज झाल्यावर त्यांनी सोळाला एक पौंड हातचा धरला होता. सोळा आण्यांचा रुपया, तसा. पौंड वीस शिलिंगांचा.

बारा-चौदा वर्षांचा मुलगा असेल, दांडिया बाजारात समईच्या उजेडात बसलेला. खोडलं नाही, मागचं उत्तर बघून उतरवलं नाही. स्वतःचा ताळा केला, जमला नाही, तसं लिहून ठेवलं. मी त्या ओळीखाली पेन्सिलीने, बारीक अक्षरात, वीसने हातचा धरून बेरीज पुन्हा मांडली आणि पुस्तक जाळीच्या कपाटात वरच्या खणात ठेवलं.